शेजाऱ्यांचं काय म्हणणं?

माझी ताई निवडणुकीला उभी नव्हती. उभी असती तर मला आमच्या मतचाचणीच्या फॉर्मांना हातही लावता आला नसता, कारण आमच्या ऑफिसात नियम आहे की उमेदवाराचा नातेवाईक मोजणीत नको. पण आमचा प्रश्न होता 'समजा'चा. समजा, उद्या मतदान झालं आणि एका बाजूला देशाचे आताचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला निवृत्त न्यायाधीशबाई असल्या, तर तुम्ही मत कुणाला द्याल? न्यायाधीशबाई म्हणजे ताईच. पण जी उमेदवारच नाही तिची मी नातेवाईक कशी, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तोंड मिटून बसले. आमची आडनावं वेगळी. चेहऱ्याने ती गेली वडिलांवर, मी आईवर. ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता.

एका लांबलचक हॉलमध्ये चोवीस टेबलं, प्रत्येक टेबलावर एक फोन आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे आडोसे, एवढंच आमचं ऑफिस. दिवसभर आमच्या बायका अनोळखी लोकांना फोन लावतात, अर्ध्या शिव्या खातात आणि उरलेल्यांची मतं फॉर्मवर लिहून घेतात. मी इथे बावीस वर्षं आहे. आधी फोनवर होते, आता देखरेख करते. तोंडावर सगळे मला बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही.

या बावीस वर्षांत मी दोन गोष्टी चालू केल्या. पहिली ठिपक्याची. उत्तर देणाऱ्याचा आवाज मध्येच खाली गेला, किंवा मागे कुणी उभं आहे असं वाटलं, की फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलने ठिपका द्यायचा. बाकी काही लिहायचं नाही. दुसरी गोष्ट माझी एकटीची. दहातल्या एका माणसाला मी स्वतः परत फोन करते, आमच्या बाईने खरंच फोन केला होता ना, नीट बोलली ना, हे तपासायला. आणि ठेवता ठेवता सहज विचारते, "तुमचं कळलं हो, पण शेजारीपाजारी काय म्हणतात?" माणूस स्वतःचं मत सांगायला घाबरतो. तेच मत शेजाऱ्याच्या नावावर खपवायला मात्र त्याला काही वाटत नाही. या उत्तरांच्या रेघा मी माझ्या वहीत मागच्या पानांवर ओढते. पुढच्या पानांवर भाजीच्या याद्या असतात, त्यामुळे कुणी ती वही उघडायच्या भानगडीत पडत नाही.

मागच्या दोन निवडणुकांत फॉर्मांचा आकडा तोंडावर आपटला आणि माझ्या रेघा खऱ्या ठरल्या. तेव्हापासून साहेब, म्हणजे आमचे मालक, अहवालावर सही करण्याआधी मला आत बोलावतात आणि दार लावून विचारतात, "बाई, शेजार काय म्हणतंय?" मी सांगते त्याप्रमाणे ते अहवालाच्या शेवटी आपला अंदाज लिहितात.

या वेळचं काम तीन विरोधी पक्षांच्या समितीचं होतं. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण ताईच्या नावावर तिघांनी माना डोलावल्या होत्या. ताईने न्यायाधीश असताना अध्यक्षांच्या एका हुकमाला बेकायदा ठरवलं होतं आणि त्याबद्दल शेवटची सहा वर्षं एका आडगावच्या कोर्टात काढली होती. लोक ते विसरले नव्हते. अर्ज भरायची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. गुरुवारी दुपारी तीनला अहवाल समितीकडे जायचा, अंदाज चांगला असला तर तिघं मिळून पाठिंबा देणार, नाहीतर विषय संपला.

आदल्या रविवारी मी ताईकडे गेले होते. ती मागच्या अंगणात टोमॅटोच्या वेलांना काठ्या बांधत होती.

"तू नाही म्हण," मी म्हटलं. "अजून वेळ गेलेली नाही."

"का म्हणू?"

"मागच्या वेळी उभा राहिला होता त्या इंजिनियरचं काय झालं माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे."

"तुला बातमीतलं माहीत आहे. मला त्याची बायको पावाच्या रांगेत भेटते. चार वर्षं झाली, तो अजून आतच आहे. गुन्हा काय होता ते आता तिलाही धड सांगता येत नाही. लोकरीचे मोजे पाठवले होते तिने, तिसऱ्यांदा परत आले."

ताईने गाठ मारली, ती ओढून बघितली. "हरणार असेन तर उगाच तुरुंगात जायची हौस नाही मला," ती म्हणाली. "चौसष्ट वर्षांची आहे मी, गुडघे दुखतात. पण जिंकणार असेन आणि घरात टोमॅटो बांधत बसले, तर मग माझ्या त्या निकालाला काय अर्थ राहिला? म्हणून तुझ्या आकड्याची वाट बघतेय. साहेबांच्या नाही, तुझ्या. तू शेजाऱ्यांचं विचारतेस ना अजून?"

तिला सगळं माहीत होतं. ठिपकेही माहीत होते. वर्षानुवर्षं जेवताना मीच तिच्यापुढे शेखी मिरवली होती.

सोमवारपासून फोन सुरू झाले आणि सोमवारीच पाहुणा आला. नवीन कायद्यानुसार अध्यक्षांबद्दल काही विचारायचं तर माहिती खात्याचा माणूस हॉलमध्ये हजर लागतो. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने आमचा अकरा प्रश्नांचा फॉर्म वाचला, प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि नेमकी माझ्या टेबलाजवळची खुर्ची धरली. खिशात पेपरमिंटची पत्र्याची डबी, ती दर अर्ध्या तासाने टक्कन वाजायची. तो कुणाला काही बोलला नाही, कुणाचं काही अडवलं नाही. तरी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या हॉलचा आवाज निम्म्यावर आला. एरवी तीन टेबलांपलीकडून ऐकू येणाऱ्या बायका रुग्णाला भेटायला आल्यासारख्या बोलायला लागल्या. मी चिडून दोनदा ओरडले, की समोरच्याला ऐकू जाऊ दे.

बुधवारी संध्याकाळी बाराशे फॉर्म पुरे झाले. अध्यक्ष शेकडा चोपन्न, न्यायाधीशबाई एकोणतीस, बाकीच्यांना सांगता येत नव्हतं. आकडे बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे मी लपवत नाही. ताई हरणार होती. ती टोमॅटो बांधत बसणार होती, आणि मी दर रविवारी जाऊन तिच्याशी भांडणार होते.

मग मी ठिपके मोजले. एरवी बाराशेत तीस-चाळीस असतात. या वेळी चारशे बारा होते, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या फॉर्मवर एक.

माझे परत करायचे एकशेवीस फोन गुरुवारी सकाळी अकरापर्यंत संपले. पाहुणा हाताच्या अंतरावर बसलेला, त्यामुळे शेवटचा प्रश्न मी गप्पा मारल्यासारखा विचारायची. एका बाईने सांगितलं, "आमच्याकडे सगळे अध्यक्षांचेच," आणि शेजाऱ्यांचं विचारल्यावर म्हणाली, "शेजाऱ्यांना काय होतंय हो, ते न्यायाधीशबाईंचं नाव घेतात. मोकळी माणसं." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमचा शेजारी बाईंनाच मत देणार, आणि मग हळूच म्हणाले, की त्यांच्या शेजारचं घर दोन वर्षं बंद आहे. मी त्यांचीही रेघ ओढली.

न्यायाधीशबाई एकाहत्तर. अध्यक्ष चौतीस. सांगता येत नाही, पंधरा.

मी तीन वेळा मोजलं. ताई जिंकत होती. काठावर नाही, चांगली घसघशीत जिंकत होती, आणि हे उभ्या देशात फक्त माझ्या भाजीच्या वहीत लिहिलेलं होतं. मला पावाच्या रांगेत मीच दिसायला लागले, हातात मोज्यांचं पुडकं घेऊन.

साडेअकराला साहेबांनी आत बोलावलं आणि दार लावलं. त्यांचा चेहरा चार दिवसांत उतरला होता.

"बाई, चोपन्न-एकोणतीस. शेजार काय म्हणतंय?"

"तेच," मी म्हटलं. "अध्यक्षांचं थोडं जास्तच."

"नक्की?"

"नक्की."

"नाही, वेगळं असेल तर सांगा. मी भित्रा आहे, पण खोट्यावर सही करत नाही. खरं काय ते तुमच्याशिवाय इथे कुणाला कळत नाही, म्हणून विचारतोय."

"साहेब, तेच आहे म्हटलं ना."

त्यांनी श्वास सोडला, पेन उघडलं आणि सही केली. सुटल्यासारखे दिसले ते, आणि त्यांचा राग आला मला. बावीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा खोटं बोलले होते आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळलं होतं. पण राग खरा कुणाचा येत होता ते मला कळत होतं.

तीनला अहवाल गेला. बायका एकेक करून घरी गेल्या. हॉलमध्ये मी, आतल्या खोलीत साहेब, आणि शेवटचा कागद हातात पडेपर्यंत हलायचं नाही असा नियम असलेला पाहुणा. मी फॉर्मांचे गठ्ठे बांधत बसले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर दोन मिनिटांनी मान वर जात होती. पाच वाजले की सगळं संपणार होतं. पाचनंतर मी तिला आयुष्यभर तोंड दाखवू शकले असते की नाही, तो विचार मी पुढे ढकलला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बोलतेय," ताई म्हणाली. मागे मोठ्या इमारतीत घुमतात तसे पावलांचे आवाज येत होते. "समितीवाले उठून गेले. अहवाल वाचला आणि खुर्च्या मागे सारल्या. एकजण तर टोपीही तिथेच विसरला. मी अर्ज भरायच्या कचेरीत आहे, खालच्या मजल्यावर. अपक्ष म्हणून भरता येतो, सह्या आहेत माझ्याकडे. पन्नास मिनिटं आहेत. तू सांग."

"काय सांगू? अहवाल वाचलास ना?"

"अहवाल साहेबांचा. मला तुझं हवंय."

डबी टक्कन वाजली. पाहुण्याने पेपरमिंट तोंडात टाकली आणि पाय जवळ घेतले.

"माझं तेच आहे," मी म्हटलं. "अहवालात आहे तेच."

"बरं, मग असं सांग," ती म्हणाली, तिच्या कोर्टातल्या आवाजात, जो मला लहानपणापासून ओळखीचा आहे, कारण न्यायाधीश व्हायच्या आधी ती तो माझ्यावरच वापरायची. "समजा उद्या मतदान झालं, एका बाजूला अध्यक्ष आणि दुसऱ्या बाजूला मी. तू मत कुणाला देशील?"

"अध्यक्षांना," मी म्हटलं.

मग ती हसली, अगदी थोडं.

"आवाज खाली गेला तुझा," ती म्हणाली. "ठिपका देऊ का?"

मी टेबलाची कड धरली.

"कुणी आहे का गं तिथे?"

"हं."

"बरं. मग तुझं राहू दे," ताई म्हणाली. "शेजाऱ्यांचं काय म्हणणं?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तो जिभेवर होता. पण हा प्रश्न माझा होता. इतकी वर्षं मी तो लोकांना विचारला होता आणि त्यांनी मला खरं उत्तर दिलं होतं, बंद घराशेजारी राहणाऱ्या त्या म्हाताऱ्यानेसुद्धा. आणि तिकडे ती कचेरीत एकटी उभी होती, ती माझ्यामुळे.

"शेजाऱ्यांचं म्हणशील ताई," मी म्हटलं, "तर दहातले सहा तुझ्याकडे."

"मोजलंस?"

"तीनदा."

"मग भरते मी," ती म्हणाली. "रविवारी ये. आणि रडू नकोस, नाक लाल होतं तुझं." फोन ठेवला गेला.

मी रिसीव्हर खाली ठेवला. पाहुणा माझ्याकडेच बघत होता.

"कोण होतं?"

"थोरली बहीण."

"काही भांडण?"

"घरमालकाशी आहे तिचं. जुनं."

त्याने मान हलवली. डबी खिशातून काढली, न उघडता हातात फिरवत राहिला. "बाई, एक विचारू? मी शिक्का मारला तो फॉर्म अकरा प्रश्नांचा होता. चार दिवस तुमच्या शेजारी बसून मी बारावा ऐकतोय. एकशेवीस वेळा विचारलात. मी मोजले."

वही टेबलावर तशीच होती, भाजीच्या यादीचं पान वर.

"कळवायला हवं होतं मी, पहिल्याच दिवशी," तो म्हणाला.

"मग का नाही कळवलंत?"

त्याने एकदा साहेबांच्या खोलीकडे बघितलं, एकदा बाहेरच्या दाराकडे. आणि त्याचा आवाज खाली गेला. इतकी वर्षं मी हाच आवाज ओळखायला शिकवते आहे.

"पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "आमच्या इमारतीत माझ्याशी कुणी बोलत नाही. मी जिन्यात आलो की गप्प होतात सगळे. त्यांच्या मनात काय आहे ते मला कसं कळणार?"

हा सापळा असू शकतो, हे मला समजत होतं. ते समजूनही मी वहीचं मागचं पान उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. आता लपवण्यासारखं उरलं होतं तरी काय. त्याने बोट न लावता रेघा मोजल्या, ओठ हलवत, आणि वही माझ्याकडे परत सरकवली.

"मी चहा घेऊन येतो," तो म्हणाला. "अर्धा तास तरी लागेल."

तो गेला. चहाला गेला की वर कळवायला गेला, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याची खुर्ची मात्र तशीच माझ्या टेबलाला चिकटून होती.

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी वही उचलली, साहेबांच्या खोलीत गेले आणि दार लावलं नाही.

"साहेब, समितीला फोन लावा. सकाळी मी खोटं सांगितलं. शेजार एकाहत्तर-चौतीस आहे, न्यायाधीशबाईंच्या बाजूने. त्या एकट्याच अर्ज भरताहेत. मुदत संपायच्या आत समितीला तिथे पोचता येईल."

साहेबांनी चष्मा काढला. आधी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण ते हळूच बोलले. "सकाळी नक्की म्हणालात. आता नेमकं उलटं सांगताय, तेही नक्की. यातलं खरं कुठलं हे मी कशावरून ठरवू, बाई?"

"कारण ती माझी सख्खी बहीण आहे," मी म्हटलं, "आणि तिने उभं राहू नये, एवढंच मला हवं होतं."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी फोन पुढे ओढला आणि समितीचा नंबर विचारला.